बत्तीस बोअरच्या चौकटीत

भारतात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर घेऊ पाहणाऱ्या सामान्य नागरिकापुढे कॅलिबरचा, म्हणजे बोअरचा किंवा नळीच्या व्यासाचा, प्रश्न फारसा मोकळा उरलेला नसतो. तो बहुतांशी कायद्यानेच आधी निकालात काढलेला असतो. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील नियम यांनी शस्त्रांची प्रतिबंधित बोअर आणि अप्रतिबंधित बोअर अशी विभागणी केली आहे. .३८० किंवा .४५५ चे रिमवाले (बुडाशी बाहेर आलेली कड असलेले) काडतूस अथवा लष्कर-पोलिसांचे ९ मिमीचे काडतूस ज्यात बसू शकते आणि झाडता येते, असे कोणतेही पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर पहिल्या वर्गात जाते. सरकारी दारूगोळा चोरीला गेला किंवा वाटेत गहाळ झाला, तरी तो खासगी शस्त्रात वापरता येऊ नये, हा त्यामागचा जुना विचार आहे. परिणामी नव्याने परवाना मिळालेल्या माणसाच्या हाती प्रत्यक्षात येते ते .३२ बोअरचे रिव्हॉल्वर किंवा .३२ बोअरचे पिस्तूल. .२२ चा पर्याय आहे, पण तो मुख्यतः नेमबाजांचा. परदेशी बनावटीची .४५ किंवा .३५७ ची जुनी शस्त्रे कायद्याने अप्रतिबंधित असली, तरी व्यक्तिगत आयात कित्येक दशकांपासून जवळपास बंद असल्यामुळे ती एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे अशा किमतीला फिरतात की त्या रकमेत गावाकडे लहानसे घर उभे राहावे.

माझा व्यवसाय सराफीचा आहे. सांगली जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी पेढी आहे, आणि खानापूर-आटपाडी भागातील इतर अनेक कुटुंबांप्रमाणे आमचेही काही भाऊबंद गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यानिमित्त देशभर पसरलेले आहेत. सोने आणि चांदी घेऊन प्रवास करणे हा या धंद्याचा भाग आहे, आणि त्या प्रवासातले धोके या भागातील लोकांना समजावून सांगण्याची गरज नाही. शस्त्र परवाना काढावा, असे घरात ठरले तेव्हा ‘कोणती गोळी माणसाला थांबवते’ हा प्रश्न मी प्रथम विचारला, आणि परवाना, प्रशिक्षण, खरेदी, सराव अशा प्रत्येक टप्प्यावर त्याचे उत्तर थोडे थोडे बदलत गेले. त्या क्रमानेच हे लिहीत आहे.

अर्जाची प्रक्रिया लांबलचक आहे, पण गूढ नाही. पोलिस आयुक्तालय असलेल्या शहरांत आयुक्त आणि आमच्यासारख्या जिल्ह्यांत जिल्हादंडाधिकारी हे परवाना देणारे अधिकारी असतात. विहित नमुन्यातील अर्ज, ओळख व रहिवासाचे पुरावे, विवरणपत्रे, व्यवसायाची नोंदणी, शस्त्र घरात सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था असल्याचे हमीपत्र, शारीरिक व मानसिक स्वास्थ्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला असे कागद लागतात. स्थानिक पोलिस ठाण्याकडून चौकशी होते. पूर्वी गुन्हा नोंद आहे का, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी वाद आहेत का, घरात मद्यपी कोणी आहे का, हे विचारले जाते, आणि विचारले जावेच. खरी कसोटी लागते ती ‘गरज काय’ या रकान्यात. ‘सराफ आहे’ एवढे सांगून भागत नाही. मालाची ने-आण कशी होते, कोणत्या वेळी होते, सोबत कोण असते, पूर्वी काही घटना घडली आहे का, हे पुराव्यासह मांडावे लागते. माझ्या अर्जावर निर्णय व्हायला बराच काळ गेला. परवाना हाती आला तेव्हा त्यावर राष्ट्रीय नोंदणीचा क्रमांक होता, शस्त्राच्या प्रकाराचा उल्लेख होता आणि काडतुसांची मर्यादाही लिहिलेली होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली आणि एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली.

प्रशिक्षण देणारे गृहस्थ पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले होते. सैन्यात त्यांनी ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनलेले ९ मिमीचे ब्राउनिंग पिस्तूल वर्षानुवर्षे वापरले होते. पहिल्याच वर्गात मी त्यांना विचारले की बत्तीसची गोळी पुरेशी पडते का. ते म्हणाले, “शेठ, तुम्ही आधी हे सांगा, की सात मीटरवरच्या ताटलीएवढ्या वर्तुळात पाचही गोळ्या घालता येतात का? येत असतील, तर मग बोअरवर बोलू.” त्या वेळी हे मला प्रश्न टाळणे वाटले, तरीही मी घरी येऊन आकडेमोड करायला बसलो, कारण तराजूवर आयुष्य काढलेल्या माणसाला वजन आणि माप सोडून बोलता येत नाही.

.३२ पिस्तुलाच्या काडतुसातील गोळी ७१ ग्रेनची, म्हणजे साधारण ४.६ ग्रॅमची असते आणि सेकंदाला सुमारे २७५ मीटर वेगाने नळीतून बाहेर पडते. तिची गतिज ऊर्जा १७५ ज्यूलच्या आसपास येते. .३२ रिव्हॉल्वरची गोळी जड असते, ९८ ग्रेन, म्हणजे सव्वासहा ग्रॅमहून थोडी अधिक; पण तिचा वेग कमी, सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आत-बाहेर, त्यामुळे ऊर्जा दीडशे ज्यूलच्या घरातच राहते. याउलट ९ मिमीची गोळी साडेचारशे ते पाचशे ज्यूल घेऊन निघते. .४५ ची गोळी जवळपास पंधरा ग्रॅमची असूनही संथ असल्यामुळे तीही त्याच पट्टीत येते. एवढ्यावर थांबले, तर बत्तीस म्हणजे ९ मिमीचा तिसरा हिस्सा, असा निष्कर्ष निघतो आणि मन खट्टू होते. मात्र त्याच वहीत मी बारा बोअरच्या बंदुकीचा आकडा लिहिला, तो दोन हजार ज्यूलच्या वर गेला; .३१५ च्या रायफलीचा त्याहूनही अधिक आला. तेव्हा लक्षात आले की ज्या दोन गोष्टींत आपण फरक शोधत आहोत त्या दोन्ही एकाच खालच्या पायरीवर उभ्या आहेत. हातात मावणारे कोणतेही शस्त्र सामर्थ्याच्या दृष्टीने तडजोडच असते. रानातल्या वस्तीवर राहणाऱ्या शेतकऱ्याने घराच्या रक्षणासाठी बारा बोअर ठेवावी, हे माझे मत तेव्हापासून पक्के आहे. पण पेढीवरून बसस्थानकापर्यंत पिशवी घेऊन चालणाऱ्या माणसाला ती खांद्यावर टाकून हिंडता येत नाही.

ऊर्जेच्या आकड्याने प्रश्न सुटत नाही, याचे कारण गोळी शरीरात काय करते, यात आहे. रायफलीची गोळी इतकी वेगवान असते की तिच्या वाटेभोवतीच्या ऊती क्षणभर दूर फेकल्या जाऊन फाटतात. पिस्तुलाच्या वेगाला बहुतेक ऊती तो ताण सहन करून पुन्हा जागेवर येतात, आणि नुकसान होते ते केवळ गोळी ज्या वाटेने गेली तेवढ्या बोगद्याचे. हा बोगदा बत्तीसचा असला तर सुमारे आठ मिलिमीटरचा, नऊचा असला तर नऊचा. म्हणजे तो बोगदा कुठून जातो आणि किती खोल जातो, यावरच सगळे अवलंबून. मेंदू किंवा मज्जारज्जूचा वरचा भाग सोडला, तर अन्यत्र कुठेही गोळी लागली तरी माणूस तत्काळ कोसळेलच असे नाही; हृदय निकामी झाले तरी मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर तो दहा-पंधरा सेकंद जाणीवपूर्वक हालचाल करू शकतो. चित्रपटात गोळी लागताच माणूस मागे उडतो, हे भौतिकशास्त्राला धरून नाही. गोळीचा संवेग झाडणाऱ्याच्या हाताला बसणाऱ्या धक्क्याएवढाच असतो. ती समोरच्याला उडवू शकली असती, तर झाडणाराही उडाला असता.

कॅलिबरचा हा वाद सव्वाशे वर्षांचा आहे, आणि त्याचा इतिहास वाचताना त्यातील शास्त्र किती उशिरा आले, हे जाणवते. फिलिपिन्समध्ये मोरो योद्ध्यांशी लढताना अमेरिकी सैनिकांच्या .३८ च्या रिव्हॉल्वरी अपुऱ्या पडल्याच्या तक्रारी आल्या, म्हणून १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यातील गुरांवर आणि मानवी शवांवर गोळ्या झाडून पाहिल्या. त्यांनी .४५ पेक्षा कमी बोअर नको, असा निष्कर्ष काढला आणि पुढे १९११ चे प्रसिद्ध कोल्ट पिस्तूल त्या बोअरमध्ये आले. त्या प्रयोगांची पद्धत आजच्या कसोटीला उतरत नाही. मूठभर जनावरे, प्रत्येकाला वेगळ्या ठिकाणी लागलेल्या गोळ्या आणि त्यावरून काढलेला ठाम निर्णय. तरीही मोठ्या बोअरवरची श्रद्धा अनेक पिढ्या टिकून राहिली.

मला अधिक शिकवून गेली ती ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीच्या दक्षिणेकडील वस्तीत झालेली चकमक. एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेचे आठ जण दोन बँक लुटारूंना अडवायला गेले होते. त्यांपैकी एका लुटारूच्या दंडातून शिरलेली ९ मिमीची गोळी छातीत गेली, फुप्फुसात घुसली आणि हृदयापासून सुमारे इंचभर अलीकडे थांबली. जखम जीवघेणी होती. पण ती लागल्यावरही तो लढत राहिला, आणि दोन अधिकारी मारले गेले, पाच जखमी झाले. त्या संस्थेने दोष आधी ९ मिमीला दिला. पुढे यूरी पॅट्रिक यांनी १९८९ मध्ये तयार केलेल्या टिपणात विषय नेमका मांडला गेला: पिस्तुलाच्या गोळीला मर्मस्थानापर्यंत पोहोचता आलेच पाहिजे, आणि त्यासाठी शरीराच्या ऊतींऐवजी चाचणीला वापरल्या जाणाऱ्या प्रमाणित जिलेटिनमध्ये तिने किमान १२ इंच, म्हणजे साधारण ३० सेंटिमीटर, आत जायला हवे. छाती एवढी जाड नसते हे खरे. परंतु हल्लेखोर समोर छाती काढून उभा राहत नाही, तो तिरपा असतो, हात पुढे आलेला असतो, अंगावर जाड कपडे असतात. १८ इंचांपलीकडे गेलेली गोळी मात्र पलीकडच्या निरपराध माणसासाठी धोक्याची ठरते. त्यानंतर त्यांनी १० मिमी स्वीकारली, धक्का झेपेना म्हणून .४० कडे वळले, आणि २०१० च्या दशकात पुन्हा ९ मिमीवर परतले, कारण तोवर गोळ्यांची रचना सुधारली होती आणि त्यांचे लोक ९ मिमीने अधिक जलद व अधिक अचूक मारा करत होते. एवढी साधने आणि एवढा पैसा असलेली संस्था तीस वर्षे फिरून जिथे आली, ते ठिकाण सुभेदारसाहेबांच्या ताटलीएवढ्या वर्तुळापासून फार दूर नव्हते.

याच ओघात पसरणाऱ्या गोळ्यांचा विषय येतो. टोकाशी पोकळी असलेली गोळी शरीरात शिरल्यावर उमलते, बोगदा रुंद करते आणि फार खोल जात नाही, म्हणून पाश्चात्त्य देशांत स्वसंरक्षणासाठी तीच सुचवली जाते. अशा गोळ्यांच्या इतिहासात आपल्याकडचे एक ठिकाण आहे: कोलकात्याजवळच्या दमदम येथील शस्त्रागारात १८९० च्या दशकात .३०३ साठी उमलणारी गोळी बनवली गेली, आणि १८९९ च्या हेग परिषदेतील घोषणेने युद्धात अशा गोळ्यांना मनाई केली. ती मनाई युद्धापुरती आहे, तरी आपल्या दुकानांत .३२ साठी सहसा मिळते ती गोल नाकाची, न पसरणारीच गोळी. दुकानात माझ्याबरोबर आलेल्या एका परिचितांना याची फार खंत वाटली. मला वाटली नाही. बत्तीसच्या गोळीजवळ मुळातच ऊर्जा तुटपुंजी. ती पसरली, तर खोली कमी होते आणि पुष्कळदा ३० सेंटिमीटरची अट पुरी होत नाही. उलट गोल नाकाची, कवच असलेली गोळी ही खोली गाठते. लहान बोअरमध्ये बोगद्याच्या रुंदीपेक्षा पोहोच महत्त्वाची, आणि त्या दृष्टीने आपल्याकडे जे मिळते तेच योग्य आहे. ही सक्तीतून आलेली समजूत नव्हे. ज्या देशांत दोन्ही प्रकार मिळतात तेथील जाणकारही बत्तीससाठी हाच सल्ला देतात. शिवाय बत्तीसला हिणवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी १८९९ च्या सुमारास आणलेले हे पिस्तुली काडतूस पश्चिम जर्मनीसारख्या देशाचे पोलीस १९७० च्या दशकापर्यंत वापरत होते. त्यांनी ते सोडले आणि ९ मिमी घेतले, हेही खरेच.

आता निवड उरली रिव्हॉल्वर की पिस्तूल एवढीच. दोन्ही .३२ असली तरी त्यांची काडतुसे वेगळी. रिव्हॉल्वरचे लांब आणि पूर्ण रिमचे, पिस्तुलाचे आखूड आणि अर्धवट रिमचे. ती अदलाबदल करून चालत नाहीत, आणि परवान्यावर जे शस्त्र चढले आहे त्याचीच काडतुसे विक्रेता देतो. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचे पारंपरिक रिव्हॉल्वर वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या धाटणीचे आहे: वरची खिट्टी दाबली की नळी पुढे झुकते आणि सहाही घरे एकदम उघडी पडतात. हा कारखाना ज्या सार्वजनिक कंपनीत येतो तिनेच ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबल’ आणले, ज्याचे सिलिंडर (काडतुसांची घरे असलेला फिरता भाग) बाजूला बाहेर येते. भारतात बनलेले तशा रचनेचे ते पहिलेच. २०१४ मध्ये कानपूरच्याच दुसऱ्या कारखान्याने ‘निर्भीक’ हे टायटॅनियम मिश्रधातूचे अर्ध्या किलोचे रिव्हॉल्वर स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणले होते. हलके शस्त्र बाळगायला सोपे, पण झाडताना हातात अधिक उसळते, ही बाब त्या प्रसिद्धीत मागे पडली, असे मला वाटते. ईशापूरचे ‘अशनी’ पिस्तूल चपटे आहे, कपड्यांखाली दिसत नाही, आणि मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीत) रिव्हॉल्वरपेक्षा जास्त गोळ्या मावतात.

पिस्तूल मला आवडले होते. तरी घेतले रिव्हॉल्वर, आणि त्याची कारणे गोळीच्या परिणामकारकतेशीच जोडलेली आहेत, कारण न झडलेली गोळी सर्वांत निष्प्रभ. रिव्हॉल्वरमध्ये एखादे काडतूस फुसके निघाले, तर पुन्हा चाप ओढायचा; पुढचे घर आपोआप नळीसमोर येते. पिस्तुलात तसे झाले, तर स्लाइड (वरचा सरकता भाग) ओढून ते काडतूस बाहेर काढावे लागते, आणि हे काम घाबरलेल्या, एका हातात पिशवी असलेल्या माणसाकडून नीट होईल याची खात्री नाही. शिवाय बत्तीस पिस्तुलाच्या काडतुसाला अर्धवट रिम असल्यामुळे मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाचा रिम खालच्याच्या पुढे राहील, हे पाहावे लागते. तो मागे अडकला, तर शस्त्र जागच्या जागी ठप्प होते. पूर्ण लांबीच्या गोल नाकाच्या गोळीत असे क्वचितच घडते, पण मॅगझिन निष्काळजीपणे भरले तर घडू शकते. रोज सराव करणाऱ्याने पिस्तूल जरूर घ्यावे. मी रोज गल्ला मोजतो, गोळ्या झाडत नाही.

काडतुसांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण शस्त्राच्या नळीचे पॉलिश पाहण्यात तासभर घालवणारे लोक काडतुसांची पेटी न उघडताच घरी नेतात. आपल्याकडची .३२ ची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून येतात. १८६९ मध्ये सुरू झालेला हा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सार्वजनिक कंपनीचा भाग आहे, आणि त्या कंपनीचे मुख्यालयही पुण्यातच आहे. पितळी केसच्या (काडतुसाच्या नळकांड्याच्या) बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे दिसतात. पेटीवर उत्पादनाचे वर्ष आणि लॉट क्रमांक असतो. मी तो परवान्याच्या छायाप्रतीवर पेन्सिलीने लिहून ठेवतो. विक्रेत्याने मला जुन्या लॉटची पेटी पुढे केली, तेव्हा मी नव्या लॉटची मागितली, आणि त्याने काहीही न बोलता दिली. प्रत्येक काडतूस उजेडात फिरवून पाहावे: केसवर चीर, हिरवट डाग, गोळी आत दबलेली किंवा वाकडी, प्रायमर (बुडातील ठिणगी देणारी टोपी) केसच्या पातळीच्या वर आलेला, यांपैकी काही दिसले तर ते काडतूस वेगळे ठेवावे. त्यानंतर ती कोरड्या जागी, तेलाच्या कापडापासून दूर ठेवायची. शस्त्राला तेल देणारा माणूस त्याच हाताने काडतुसेही पुसतो, असे मी पाहिले आहे. तेल प्रायमरपर्यंत झिरपले, तर प्रायमर निकामी होऊ शकतो. आमच्याकडचा पावसाळा कोकणाएवढा नसला, तरी चामड्याच्या पट्ट्यात महिनोन्‌महिने खोचून ठेवलेल्या काडतुसांचे पितळ हिरवे पडतेच. म्हणून शस्त्रात भरलेली काडतुसे मी दर वर्षी सरावात झाडून टाकतो आणि त्यांच्या जागी नवी भरतो.

यातली अडचण उघड आहे. परवान्यावर एका वेळी बाळगायची आणि वर्षभरात विकत घ्यायची अशी काडतुसांची दुहेरी मर्यादा असते, काडतूस स्वस्त नसते, आणि सामान्य परवानाधारकाने सराव करावा अशी अधिकृत रेंज प्रत्येक जिल्ह्यात नाही. स्वतःच्या शेतात झाडून पाहणे हा पर्याय नव्हे. मी एका रायफल क्लबची वाट धरली. तिथे मला एक सुखद गोष्ट कळली: आपण ज्याला कमजोर म्हणून नाके मुरडतो ते .३२ रिव्हॉल्वरचे लांब काडतूस, सपाट तोंडाच्या गोळीसह, २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल या स्पर्धेत जगभरचे नेमबाज आवडीने वापरतात, कारण ते विलक्षण अचूक आहे आणि त्याचा धक्का सौम्य आहे. या प्रकारात जसपाल राणा यांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ५९० गुणांसह सुवर्णपदक मिळवले होते. अर्थात स्पर्धेचे लांब नळीचे पिस्तूल आणि माझ्याकडची तीन इंची नळी यांत पुष्कळ अंतर आहे. पण धक्का सौम्य असण्याचा फायदा मलाही मिळतो. दुसरी गोळी पहिलीजवळच लागते, आणि पन्नाशी ओलांडलेल्या मनगटाला हे महत्त्वाचे आहे. सुरुवातीला माझ्या गोळ्या वर्तुळाच्या खाली-डावीकडे जात होत्या, कारण रिव्हॉल्वरचा चाप जड असतो आणि तो ओढताना नळी खाली झुकते. सुभेदारसाहेबांनी रिकाम्या सरावाची नकली काडतुसे घालून, नळीवर नाणे ठेवून चाप ओढायला लावले. नाणे पडू न देता चाप ओढता येऊ लागला, तेव्हा गोळ्याही मध्यभागी आल्या. बोअर तेच होते.

शस्त्र बाळगण्याच्या आणि वापरण्याच्या कायद्याबद्दल लोक फार ढोबळ बोलतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा अधिकार दिलेला आहे, आणि मृत्यू घडवण्यापर्यंत तो कधी जातो, हे शरीराच्या बाबतीत कलम ३८ मध्ये आणि मालमत्तेच्या बाबतीत कलम ४१ मध्ये सांगितले आहे. कोणी पिशवी हिसकावून पळून जात असेल, तर त्याच्या पाठीत गोळी घालण्याचा अधिकार यातून मिळत नाही; आवश्यक तेवढेच बळ वापरायचे, ही अट सगळीकडे आहे. म्हणून ‘एका गोळीत आडवा झाला पाहिजे’ ही दुकानातली भाषा मला पटत नाही. हल्ला थांबला पाहिजे, एवढेच कायद्याला अपेक्षित आहे आणि तेवढेच मलाही हवे आहे. हल्ले पुष्कळदा शस्त्र दिसताच थांबतात, आणि त्या वेळी समोरचा माणूस बोअर मोजत बसत नाही. मात्र उगाच दाखवण्यासाठी शस्त्र बाहेर काढणे हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो, आणि वरातीत हवेत बार काढण्याला २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. आमच्या भागातील काही मंडळींना हे अजून खरे वाटत नाही.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की छाननी समितीच्या निर्णयानुसार शस्त्र पोलिस ठाण्यात जमा करावे लागू शकते. माझे एकदा जमा झाले होते. पोच घेऊन दिले आणि निकालानंतर परत आणले. परत आणल्यावर उघडून, नळीत डोकावून, तेलपाणी केले. त्या काळात आम्ही ने-आण दुपारच्या वेळी, दोन माणसांसोबत आणि ठरलेला रस्ता बदलून केली. व्यवस्था इतकी बरी चालली की आता शस्त्र असतानाही तीच ठेवली आहे.

पुतण्या आता पेढीवर बसतो आणि त्याचाही अर्ज द्यायचा विचार चालू आहे. “काका, पुढेमागे ९ मिमी सामान्यांना खुली झाली, तर बदलाल का?” असे त्याने मध्यंतरी विचारले. बदलेन, असे मी त्याला सांगितले. काडतुसाची ताकद जास्त आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि माझ्या हाताला तिचा धक्का झेपत असेल, तर न घेण्याचे कारण नाही. तोपर्यंत त्याला क्लबमध्ये माझ्यासोबत बत्तीसवर हात बसवायला सांगितले आहे. अजून त्याच्या गोळ्या खाली-डावीकडेच जातात.